मास्तरांचं उष्टं

"घरात पक्षी पाळलाय का कुठला? पोपट, कबुतर, कोंबड्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," पद्मिनी म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. तिच्या घरात पक्षी नव्हता. पक्षी माझ्या घरात होता, शेजारच्या क्वार्टरमध्ये, आणि मी तिच्या मागंच उभी होते. हातात तिच्यासाठी आणलेला डबा. कॉटवर तिचा साडेतीन वर्षांचा भैरू तापानं लाल होऊन पडलेला. तापाचा नववा दिवस. छातीचा फोटो काढून झाला होता, दोन औषधं देऊन झाली होती, ताप हलत नव्हता. डॉक्टरांनी उत्तर कागदावर लिहिलं. 'नाही' लिहायला फार वेळ लागत नाही.

इथं मी थांबते. दरवेळी इथंच थांबते. त्या प्रश्नाच्या आणि त्या उत्तराच्या मध्ये पद्मिनीनं एक श्वास घेतला होता, तो मी पाठीमागून पाहिला. तिचे खांदे वर झाले आणि खाली आले. माझी सगळी गोष्ट त्या एका श्वासात आहे. आधी ती सांगते, मग पुन्हा सोलापूरच्या त्या दवाखान्यात येऊ. भैरू तोवर कुठं जात नाही.

—

कुर्डुवाडीला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आमचं बिऱ्हाड होतं. आमचे हे छोट्या गाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. छोटी गाडी आता गेली, अरुंद रूळही रुंद झाले, पण तिची शिट्टी अजून माझ्या कानात आहे. मोठ्या गाडीची शिट्टी हुकूम सोडते. छोटीची शिट्टी परवानगी मागितल्यासारखी असायची.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्याबद्दल मला कुणी वाईट बोललं असं नाही. उलट सगळ्या फार जपून वागायच्या. बारशाला बोलावणं यायचं, पहिल्या ओळीत पाट मिळायचा, पण पाळण्याच्या दोरीला हात लावायची पाळी माझ्यापर्यंत येईतो बाळाला भूक लागलेली असायची. दरवेळी. इतकी भूक लागणारी बाळं मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाहीत.

मग आमच्याकडं पोपट आला. यांनी वर्कशॉपमधल्या कुणाकडून तरी आणला, मला सोबत म्हणून. तेव्हा घरोघरी पिंजरे असायचे, कुणी हटकायचं नाही. हा पोपट दिवसभर मान तिरकी करून बघत बसायचा, चुकीचं काही दिसलं की ओरडायचा. म्हणून यांनी त्याचं नाव ठेवलं मास्तर. त्याला एकच वाक्य यायचं, "कोण आलंय?" येत कुणीच नव्हतं, तरी तो विचारायचा.

आमच्याकडं एक समजूत आहे. मूल उशिरापर्यंत बोललं नाही, की त्याला पोपटाचं उष्टं देतात. पोपटानं चोच मारलेला पेरू मुलाला खायला घालायचा. पोपटाच्या जिभेवरची वाचा फळातून मुलाच्या जिभेवर उतरते म्हणे. एका दुपारी वर्कशॉपमधल्या एका खलाश्याची बायको चार वर्षांच्या मंदाला घेऊन दारात आली आणि मान खाली घालून म्हणाली, अक्का, तुमच्या मास्तरांचं उष्टं मिळंल का? मी पिंजऱ्यात पेरू लावला. मास्तरांनी चार टोचे मारले, उरलेला मी मंदाला भरवला. भरवताना ती माझ्या मांडीवर बसली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता.

मंदा दोन महिन्यांत बोलायला लागली. मग दुसरी आई आली, मग तिसरी.

नियम असे होते. चाळीस दिवस, रोज संध्याकाळी. मूल अक्काच्या मांडीवर, आई बाहेर पायरीवर. मास्तरांनी आधी खायचं, मुलानं नंतर. मास्तरांच्या वाटीतलं पाणी एक घोट. आणि चाळीस दिवस पुरे होईपर्यंत कुणाकडं वाच्यता करायची नाही. घरच्या पुरुषांकडं नाही, वैद्याकडं नाही, डॉक्टरकडं नाही. वाच्यता झाली की आलेली वाचा माघारी जाते.

मूल पेरू खायचं अर्ध्या मिनिटात. उरलेल्या तासाभरात करायचं काय? मी बोलत बसायची. हा बघ पिंजरा, ही त्याची कडी, ही माझी बांगडी, ही वाजते, वाजव बघू. ती बघ छोटी गाडी, बार्शीला निघाली. मास्तर बघ कसा खांदे उडवतोय. पाच-सहा वर्षांत आठ पोरं माझ्या मांडीवरून उठली. पाच बोलायला लागली, दोघं जरा उशिरानं लागली, एकजण कधीच बोलला नाही. त्याला ऐकूच येत नव्हतं हे नंतर कळलं. त्याच्या आईनंही मला बोल लावला नाही. बारशांना आता माझ्या हातात दोरी यायची. बाळांची भूक मिटली होती.

पुढं एका पावसाळ्यात मास्तर म्हातारा होऊन गेला. दिवाळीत यांनी सोलापूरच्या बाजारातून, एका पिंजरेवाल्याकडून, नवा पोपट आणला. मला वाटलं, लोक मानतील का हा? यांनी वर्कशॉपमध्ये जाहीर करून टाकलं, जुने मास्तर रिटायर झाले, नवे बदलून आलेत. मानलं सगळ्यांनी. गादी महत्त्वाची, माणूस कोण का असेना.

नवे मास्तर मात्र एक अक्षर बोलायचे नाहीत. पंख फुगवून बसायचे. डोळ्यांतून पाणी यायचं, शीट हिरवी आणि पातळ. मला वाटलं, नवी जागा आहे, रुळतील. त्याच सुमाराला मला ताप आला, आठ दिवस, डोकं फुटेल असं दुखायचं, नंतर कितीतरी दिवस कोरडा खोकला. मला वाटलं, थंडीचं आहे.

आणि शेजारच्या पद्मिनीनं तिच्या भैरूला माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

पद्मिनी खुपसे तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेल. तोंडानं फटकळ, हातानं उदार. भैरू तिचा एकुलता. तो बोलत नाही म्हणून तिची सासू तिला रोज काहीतरी ऐकवायची. मुकं जन्माला घातलं, असं एकदा माझ्यासमोरच म्हणाली. पद्मिनीनं तिला तिथल्या तिथं परत ऐकवलं आणि माझ्या ओट्यावर येऊन रडली. मी म्हटलं, चाळीस दिवस दे मला.

सव्विसाव्या दिवशी आई घ्यायला आली तेव्हा भैरूनं माझ्या मांडीवरूनच हात पुढं केला आणि तिला म्हणाला, "ये."

पद्मिनी दारातच खाली बसली. चौकटीला टेकून. मी पाहिलेल्या सगळ्या माणसांत इतकं सुखी माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

एकतिसाव्या दिवशी त्याला ताप भरला.

—

तर डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं आणि पुढं गेले. पाणी कुठलं, घरात कुणाला क्षय आहे का, जवळपास कुणी आजारी होतं का. पद्मिनी एकेक उत्तर देत होती. मी डबा कॉटखाली ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात आले. नळापाशी एक बाई बाळाचे कपडे पिळत होती. मी तिच्याकडं बघत उभी राहिले.

डॉक्टरांनी पक्ष्याचं का विचारलं असेल? उगीच कोण विचारतं? आणि एकदा तसा प्रश्न पडला, की बाकीचं आपोआप एका ओळीत येऊन उभं राहिलं. मास्तरांचे डोळे. हिरवी शीट. माझा ताप. माझा खोकला. भैरूच्या तोंडातला पेरू.

डॉक्टर गेल्यावर पद्मिनी बाहेर आली. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात बोलायला लागली. तिला वाटलं होतं, गुपित फुटेल या भीतीनं मी बाहेर आलेय. म्हणाली, अक्का, घाबरू नका, मी सांगितलं नाही. नऊच दिवस राहिलेत. घरी गेलो की राहिलेले नऊ पुरे करू. मध्ये खंड पडला तर चालतं ना?

तिचं पोर आत जळत होतं आणि ती मला धीर देत होती.

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? ती म्हणाली, उद्यापर्यंत बघू म्हणाले. मग म्हणाली, "अक्का, त्यानं मला ये म्हटलंय. तेवढं तरी राहू द्या त्याच्याकडं."

आता खरं सांगते. मी लगेच आत गेले नाही. आज सत्तरी ओलांडल्यावर लपवून काय करायचं? नळाची बाई कपडे पिळून, झटकून, वाळत घालून निघून गेली, तेवढा वेळ मी उभी होते. मला दोन्ही बाजू दिसत होत्या. बोलले, तर पोर कदाचित वाचेल, आणि माझ्या ओट्यावर पुन्हा कुणी येणार नाही. नाही बोलले, तर उद्या बघू. डॉक्टरच म्हणाले होते उद्या बघू. कदाचित आहे त्या औषधानंच उतरेल ताप. कदाचित पोपटाचा काही संबंधच नसेल. माणसाला कदाचित म्हणायला किती सोपं जातं.

मग आत भैरू खोकला. तो खोकला मला ओळखीचा होता. महिनाभर तो माझाच होता.

—

डॉक्टरांच्या खोलीत मी न विचारता शिरले. पद्मिनी माझ्या मागं आली.

"डॉक्टर, पोपट आहे," मी म्हटलं. "माझ्याकडं. हा महिनाभर त्याचं उष्टं खातोय."

पद्मिनीनं माझं मनगट धरलं. "अक्का, गप बसा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पन्नाशीचे असतील, चष्मा कपाळावर. म्हणाले, "सगळं सांगा."

"सांगू नका," पद्मिनी म्हणाली. तिची नखं माझ्या हातात रुतली होती. "डॉक्टरसाहेब, यांचं ऐकू नका, आमचं काहीतरी चालू आहे, ते सांगायचं नसतं. सांगितलं तर त्याचं बोलणं जाईल. आत्ता कुठं बोलायला लागलाय."

"नाही जाणार," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"तो नियम मीच केलाय, पद्मिनी."

तिला कळलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली.

"कुणाला सांगायचं नाही हा नियम कुणाचाच नाही. रेल्वेच्या दवाखान्यातला कंपाउंडर पोरांना उष्टं खायला घालतात म्हणून ओरडला होता. त्यानं बंद पाडलं असतं. म्हणून मी तसं सांगायला लागले."

तिनं माझं मनगट सोडलं. "आणि चाळीस दिवस?"

"तेही मीच. माझी आजी म्हणायची, एकदा खाल्लं की झालं."

"एकदा," पद्मिनी म्हणाली.

"एकदा."

"मग एकतीस दिवस माझ्या पोराला कशाला खायला घातलंत?"

खोटं सांगायला मला जागा होती. जास्त गुण यावा म्हणून, असं म्हणता आलं असतं.

मी म्हटलं, "मांडीवर बसतात म्हणून."

पद्मिनीनं पदर डोक्यावर ओढून घेतला, परक्या माणसासमोर घेतात तसा, आणि ती खोलीतून निघून गेली.

डॉक्टरांनी मला बसवलं. पोपट कसा आहे ते विचारलं. डोळे, पंख, शीट, सगळं मी सांगितलं. मला ताप येऊन गेला का, तेही त्यांनी आपणहून विचारलं. मग म्हणाले, आजारी पोपटापासून माणसाला असा न्यूमोनिया होऊ शकतो. लहान मुलांत कमी दिसतो, पण होतो. उष्ट्यातून, शिटेच्या वाळलेल्या धुळीतून. त्याचं औषध वेगळं असतं, आम्ही देत होतो ते त्याच्यावर चालत नाही. एवढं बोलून त्यांनी घंटी वाजवली, नर्सला बोलावलं आणि मघाच्या कागदावर 'नाही' खोडून काहीतरी लिहिलं.

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी वर बघून एवढंच विचारलं, "आणखी किती पोरं येतात तुमच्याकडं?"

"दोन."

"तर मग आजच घरी जा. त्यांच्या आयांना सांगा. ताप आला की इकडं घेऊन यायचं. आणि तुमची छाती तपासून जा आधी."

—

संध्याकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला उतरले आणि घरी न जाता आधी त्या दोन दारांत गेले. शिंगट्यांच्या सुनेनं माझं सगळं ऐकून घेतलं, पोरीला उचललं, आत गेली आणि कडी लावली. दुसरीनं पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला, गार होतं, आणि मला विचारलं, "मग आता याला कुणाकडं नेऊ?" त्यापेक्षा कडी सोपी होती.

यांनी मास्तरांना जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर बैलांचे, त्यांनी पिंजरा लांबूनच पाहिला. तिसऱ्या दिवशी मास्तर गेले. यांनी तोंडाला फडकं बांधून त्यांना रुळांपलीकडं खोल पुरलं, पिंजरा जाळात घातला, ओटा फिनेलनं धुतला. बदलून आलेले मास्तर, दीड-दोन महिन्यांत नोकरी संपली. वाईट वाटलं मला. त्या जिवानं काय केलं होतं? त्याला पेरू दिला, त्यानं खाल्ला.

भैरूचा ताप औषध बदलल्यावर चौथ्या दिवशी उतरला. बारा-तेरा दिवसांनी ते परत आले. रिक्षा थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी दारात गेले नाही, खिडकीतून पाहिलं. पद्मिनीनं त्याला खांद्यावर घेतलं होतं. त्याचे पाय काडीसारखे झाले होते. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं म्हणे, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर हातात काही राहिलं नसतं. हे मला तिनं सांगितलं नाही. तिच्या नवऱ्यानं, खुपश्यांनी, वर्कशॉपमध्ये यांना सांगितलं आणि यांनी मला, जेवताना, ताटाकडं बघत.

भैरू वाचला. पण बोलेना.

'ये' सुद्धा म्हणेना. पौष गेला, माघ गेला. मला आतून ऐकू यायचं, पद्मिनी त्याच्याशी बोलायची. हा बघ दिवा. ही बघ कढई. हिचा कान बघ कसा मोडलाय. माझ्यासारखंच. पण उत्तर यायचं नाही. सासू म्हणायची, सांगितलं ना डॉक्टरला, गेली वाचा. बायका म्हणायच्या, नियम कुणीही केलेला असो, मोडला तो मोडलाच. आणि सांगायची गोष्ट अशी की, मलाही तसं वाटायला लागलं. मी स्वतःच्या तोंडानं, कंपाउंडरच्या भीतीनं, चुलीपुढं बसून रचलेला नियम. तो खरा आहे असं वाटून मला घाम फुटायचा. एकदा बाजारातून पेरू घेऊन आले आणि तो हातात धरून बसून राहिले. यांनी तो काढून घेतला, चार फोडी केल्या, मीठ लावलं आणि दोन माझ्यापुढं ठेवल्या.

माझ्याशी कुणी भांडलं नाही. सगळ्या पुन्हा जपून वागायला लागल्या. पद्मिनी नळावर भेटली तर घागर उचलून परत जायची, मी गेल्यावर यायची. दोघींच्या क्वार्टर्सच्या मागं परसं होती, मध्ये छातीएवढी विटांची भिंत. त्या भिंतीवर आम्ही पूर्वी एकमेकींच्या वाट्या ठेवायचो. आता मी धुणं वाळत घालताना तिच्याकडं पाठ करायची, तिला माझ्याकडं पाठ करायचे कष्ट नकोत म्हणून.

फाल्गुनात, शिमग्याच्या आदल्या दुपारी, मी परसात खाली बसून गहू निवडत होते. पलीकडं पद्मिनी भैरूला भरवत होती. ती दिसत नव्हती, ताटलीचा आवाज येत होता. वरण-भात असावा. ती म्हणत होती, आ कर, हा एकच, हा काऊचा. भैरूनं तोंड बंद केलं असणार, कारण ती म्हणाली, मग हा चिऊचा. मग तिचा आवाज चढला. म्हणाली, माझा जीव घेऊ नको रे, खा.

"नको," भैरू म्हणाला.

माझा हात सुपात तसाच राहिला. पलीकडं ताटली वाजायची थांबली.

मग पद्मिनीनं, मुद्दाम, पुन्हा घास पुढं केला असावा. आवाज अगदी साधा ठेवून म्हणाली, "खा की रे."

"नको."

"थोडंसं?"

"नको."

तो चिडायला लागला होता आणि ती त्याला आणखी चिडवत होती. मला तिचं हसणं ऐकू आलं, मग रडणं, मग ते दोन्ही मला वेगळं करता येईना. मी उठले नाही. भिंतीवरून डोकावायचा मला हक्क नव्हता. मी गव्हाकडं बघत बसले, त्यातला एकही खडा मला दिसत नव्हता.

मग पलीकडून आवाज आला. तिनं तोंड भिंतीकडं केलं असणार, कारण शब्द सरळ माझ्यापर्यंत आले. अडीच-तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

"ऐकलंत का अक्का?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"नको," भैरू म्हणाला.